बुधवारवाल्यांच्या कापगते सिस्टर

कापगते सिस्टरांशी माझं पहिल्याच बुधवारी वाजलं, आणि चूक माझी होती. हे आधीच कबूल करून टाकतो. पुढे बऱ्याच ठिकाणी मी बरोबर होतो असं मला वाटत आलंय, पण तेही तितकंसं खरं नाही.

मी त्यांच्याच सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीत बसायचो. माझं बालपण जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये गेलं. वडील फॅक्टरीच्या भोंग्यावर उठायचे, भोंग्यावर जेवायचे. त्यामुळे माणसांनी रांगेत उभं राहावं आणि वेळेवर यावं, एवढीच माझी जगाकडून अपेक्षा. बुधवारी मात्र नागपूरहून मनोविकाराचे डॉक्टर यायचे आणि दारू सोडायला आलेली माणसं नि नेहमीचे बीपी-शुगरचे म्हातारे एकाच व्हरांड्यात एकमेकांच्या पायावर पाय देत उभे राहायचे. माझं डोकं फिरलं. खिडकीतून मान बाहेर काढून मी ओरडलो, "दारूवाले डावीकडे, बीपीवाले उजवीकडे."

उजवीकडची रांग थेट फाटकापर्यंत गेली. डावीकडे एकही माणूस नाही. दोघं तर सायकली काढून रस्त्याला लागले होते.

आतून एक ठेंगणी बाई बाहेर आली. पांढरी साडी, वर घरी विणलेलं तपकिरी स्वेटर. ते स्वेटर उन्हाळ्याचे दोन महिने सोडले तर बारमाही अंगावर असायचं, हे मला नंतर कळलं. बाई रस्त्यावर गेल्या, त्या दोघांना सायकलींसकट परत आणलं, बाकावर बसवलं आणि मग सावकाश माझ्या खिडकीशी आल्या.

"भुरेभाऊ," त्या अगदी हळू म्हणाल्या, "काल तुम्ही सोतासाठी मलम काढून नेलं ना, मूळव्याधीचं? उद्या फाटकात उभी राहून, मूळव्याधवाले भुरे इकडे या, अशी हाक मारू काय?"

त्या दिवसापासून आमच्या दवाखान्यात दारूवाला कोणी राहिला नाही. सगळे बुधवारवाले झाले. म्हातारेसुद्धा एकमेकांना सांगायचे, आमचा लहाना बुधवारात जाते म्हणून.

सिस्टरांची काम करायची रीत कोणत्याच पुस्तकात नव्हती. बुधवारी सकाळी त्या यायच्या तेव्हा एका खांद्यावर पर्स आणि दुसऱ्या हातात पाच किलो तांदळाची थैली. सोबत तीन सुपं. डॉक्टर यायला उशीर व्हायचा, बाकावरची माणसं बसून बसून बिथरायची, पाणी पिऊन येतो म्हणून उठायची आणि परत यायचीच नाहीत. तर सिस्टर आळीपाळीने एकेकाच्या मांडीवर सूप ठेवायच्या आणि म्हणायच्या, खडे निवडा. ट्रॅक्टरचे ड्रायव्हर, मासे धरणारे ढीवर, शाळेतले शिपाई, एक निवृत्त तलाठी, सगळे मुकाट्याने तांदूळ निवडत बसायचे.

मला हे अजिबात पटलं नाही. पेशंटकडून घरची कामं करून घेते ही बाई, असं मी डॉक्टरांच्या कानावर घातलं. डॉक्टरांनी विचारलं तर सिस्टरांनी जरासुद्धा आढेवेढे घेतले नाहीत. माझ्या घरी निवडायला कोण आहे, म्हणाल्या, आणि डोळेही आता साथ देत नाहीत. मग त्यांनी डॉक्टरांचा हात धरून त्यांना दारापाशी नेलं आणि बाकाकडे बोट दाखवलं. तिसऱ्या माणसाच्या सुपातले तांदूळ थरथरत होते. दुसऱ्याचा हात मागच्या आठवड्यापेक्षा स्थिर होता. पहिला दर मिनिटाला घाम पुसत होता. कोणाला गोळी वाढवायची, कोणाची कमी करायची आणि कोणाला आजच्या आज जिल्ह्याच्या दवाखान्यात पाठवायचं, हे तपासणीच्या आधीच निम्मं ठरून गेलं. डॉक्टर भला माणूस होता. पुढच्या बुधवारपासून तो खुर्चीत बसण्याआधी सुपांवरून एक नजर फिरवायला लागला. मी मात्र सिस्टरांच्या घरच्या तांदळाचा हिशेब मनात बरेच दिवस धरून होतो, असा माझा स्वभाव.

त्यांचा पहिला प्रश्न कधीच दारूचा नसायचा. सकाळी काय खाल्लं, हा पहिला. काल झोप किती वाजता मोडली, हा दुसरा. आणि तिसरा, ज्यावर त्यांचा सगळा भर, तो म्हणजे संध्याकाळी पाच ते सात तू काय करतो. आमच्याकडे कोणी भरती नव्हतं. माणूस गोळ्या घेऊन घरी जायचा, आणि घराकडे जाणाऱ्या वाटेवरच त्याचा नेहमीचा अड्डा. सिस्टरांचं म्हणणं असं की गोळीचं काम गोळी करते, पण पाच ते सात कोण सांभाळेल? म्हणून त्या प्रत्येकाला त्या दोन तासांचं काम नेमून द्यायच्या. तलाठ्याला मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांची पेन्शनची कागदं भरायला लावली होती. एकाला शेजाऱ्याच्या वांग्यांना पाणी द्यायला. आणि सहाच्या सुमाराला त्या खरोखरच फोन करायच्या, वांगी कशी आहेत म्हणून.

कोणी पुन्हा पिऊन आला तर मला वाटायचं, आता बाई याला सोलून काढणार. पण त्या उलट खूश व्हायच्या. "आला ना? बस. आता सांग, किती वाजता आणि कोणासंगं." एवढंच. कार्डावर त्या फक्त वेळ आणि जागा लिहायच्या. चिडायच्या त्या एकाच गोष्टीवर, आणि ती गोष्ट करायला वच्छला आली होती.

वच्छला ही सानगडीच्या पुढच्या एका तलावाकाठच्या गावची. नवरा यादोराव, जातीचा ढीवर, तलावात मासेमारी करणारा. ती एकटीच आली आणि पदराआडून मला विचारायला लागली की ती गोळी द्या, न सांगता भाजीत टाकायची, प्याला की जीव नकोसा होते ती. मी तिला सिस्टरांकडे पाठवली. पाच मिनिटांत आतून सिस्टरांचा आवाज व्हरांड्यापर्यंत आला. न सांगता दिलेल्या गोळीवर तो प्याला आणि छाती भरून मेला तर खून कोणाच्या नावावर लिहायचा, असं त्या विचारत होत्या. वच्छला रडायला लागली. मग सिस्टरही खाली तिच्याजवळ बसल्या आणि डबा उघडून दोघींनी अर्धी अर्धी भाकर खाल्ली. जे द्यायचं ते त्याच्या हातात, त्याला सांगून द्यायचं, म्हणाल्या. त्याला घेऊन ये.

वच्छला सरळ माहेरी आंधळगावला गेली आणि तिथून नवऱ्याला निरोप पाठवला की बुधवारी दवाखान्यात जाशील तर मी परत येतो, नाही तर माझी वाट पाहू नको.

यादोराव आला. उंच, काटकुळा, चेहऱ्यावर सतत काहीतरी गंमत सांगणार असल्याचा भाव. पहिल्या दिवशी त्याच्या मांडीवर सूप ठेवलं तर अर्धे तांदूळ खाली सांडले. तो आठवडाभर रोज आला, सिस्टर नाडी पाहायच्या, बीपी पाहायच्या आणि मी खिडकीतून गोळ्या मोजून द्यायचो. दोनदा घसरला. दोन्ही वेळा स्वतःच सांगायला आला. तिसऱ्या खेपेला मात्र दारू थांबली. महिना झाला, दोन झाले. वच्छला परत आली, पण माहेरून आणलेली कपड्यांची पेटी तिने उघडली नाही. मंडई होऊन जाऊ द्या, मग पाहू, असं तिने सिस्टरांना स्पष्ट सांगितलं.

मंडई म्हणजे आमच्याकडे दिवाळीनंतर गावागावांत भरणारी जत्रा. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. लेकी-जावई येतात, घरोघरी पाहुणे, दिवसा दंडार आणि रात्री नाटक. दंडारीत गाणी, नाच आणि मध्ये मध्ये सोंगं. आणि यादोराव वीस वर्षं एकच सोंग करत आला होता, बेवड्याचं. घरी आलेला बेवडा, साडी नेसलेल्या गड्याच्या हातचा झाडू, मग बाटली वर धरायची, ढोलकी वाजत राहायची, एका दमात बाटली संपवायची आणि उताणं पडायचं. त्या पडण्यासाठी आसपासच्या गावांतून माणसं यायची. बाटली वीस वर्षं खरी असायची, हे सांगायला नको.

यंदा त्याने सोंग करावं की नाही यावर आमच्या दवाखान्यात चर्चा झाली. डॉक्टर नको म्हणाले. मी तर हात जोडून नको म्हणालो. वच्छला म्हणाली, "करू द्या. पण तोंडाले वास आला तर मी तिथूनच आंधळगावची गाडी पकडतो. मंग कोणी न्याले येऊ नका." ती हे शांतपणे म्हणाली, म्हणून मला जास्त भीती वाटली.

सिस्टरांनी आधी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "गावात याले लोक दोनच गोष्टींनी ओळखतात. एक दारू अन् एक दंडार. दोन्ही काढून घेतल्यावर याच्यापाशी काय उरते? एक तर राहू द्या." आणि यादोरावकडे वळून, "बाटली माह्या ताब्यात राहीन."

त्यांच्या नोकरीची ती शेवटची मंडई होती. सोबत म्हणून त्यांनी मला ओढून नेलं. मी दुपारच्या उन्हात त्यांची छत्री धरून उभा. बाटली त्यांनी स्वतः धुतली, हापशीचं पाणी भरलं, बूच लावलं आणि मांडीवर घेऊन बसल्या. मोहाची दारू पाण्यासारखीच दिसते, म्हणून पाणी. सगळं चोख होतं.

घात केला तो सत्काराने. पाहुणे आल्याचं सरपंचांना कळलं, आणि आपल्याकडे पाहुणा दिसला की शाल-श्रीफळ आलंच. सिस्टरांना मध्यभागी नेलं. त्यांनी बाटली सोंगाच्या सामानाजवळ ठेवली आणि मला डोळ्यांनी खुणावलं, लक्ष ठेवा. मी लक्ष ठेवणारच होतो. पण सरपंचांनी माझंही नाव पुकारलं आणि मलाही एक नारळ मिळाला. नारळ मिळताना माणूस थोडा फुगतोच. त्या तेवढ्या वेळात ढोलकीवाल्या फागोने बाटली बदलली.

फागो यादोरावचा चुलतभाऊ आणि वीस वर्षांचा पिण्यातला सोबती. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. इतका मोठा कलाकार, त्याला पाण्यावर कसा नाचवायचा, असं त्याला मनापासून वाटलं. हे त्यानेच नंतर रडत रडत सांगितलं.

सोंग सुरू झालं. झाडू बसले. लोक हसले, पण जरा कमीच. मागून कोणी तरी म्हणालंसुद्धा, यंदा रंग नाही बाप्पा. मग यादोरावने बाटली उचलली, दातांनी बूच काढलं आणि ती तोंडाजवळ नेली. फागोची ढोलकी चढत गेली.

आणि यादोराव थांबला. मी अगदी समोर होतो. त्याच्या नाकपुड्या हलल्या. पाच महिन्यांनी तो वास इतक्या जवळ आला होता. त्याचा चेहरा सोंगाचा राहिला नाही, साधा झाला. बायकांच्या घोळक्यात वच्छला उभी राहिली. नवऱ्याचा तो चेहरा तिच्याइतका कोणाला ठाऊक. तिने पिशवी उचलली. ढोलकी वाजतच होती.

यादोराव वळला. झोकांड्या खात, धोतर सावरत, पडता पडता वाचत तो अख्खं रिंगण ओलांडून आमच्याकडे आला आणि सिस्टरांच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसला.

"बाई," तो जीभ अडखळवत म्हणाला, "साऱ्या मुलखाले सोडाले लावली तुम्ही. आज एक घोट तुम्ही घ्या. मंग मी सोडतो."

मंडई लोटपोट झाली. शाल पांघरलेल्या सरकारी सिस्टरला बेवडा दारू पाजायला निघालाय, यापेक्षा मोठी गंमत त्या गावाने पाहिली नव्हती. सिस्टरांनी बाटली हातात घेतली. वास त्यांनाही आला, मलाही आला. त्यांच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. त्यांनी बाटलीच्या तोंडात रुमाल कोंबला, ती थैलीत घातली आणि मोठ्याने म्हणाल्या, "आण. घरी नेतो. तुह्या हाती राहिली तर तू काही सोडत नाही." पुन्हा हशा. मग त्या वाकल्या आणि फक्त त्याला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आता पड."

तो रिकाम्या हातांनी रिंगणात परत गेला, नसलेली बाटली वर धरली, नसलेली दारू घटाघटा प्याला आणि असा पडला की लहान पोरं ओरडायला लागली. म्हातारे म्हणत होते, वीस वर्षांत असा कधी पडला नाही. तो उठतो न उठतो तोच वच्छला सगळ्या गावासमोर रिंगणात गेली, त्याची हनुवटी धरली आणि तोंडाचा वास घेतला. लोकांना तेही सोंगातलंच वाटलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. तिने पदराने त्याच्या कपाळावरची धूळ पुसली आणि जाऊन आपल्या जागेवर बसली. पेटी त्याच दिवशी उघडली, हे तिने बुधवारी सांगितलं.

परतताना मी सिस्टरांना म्हटलं, ती घाण आता तलावात ओतून टाका. त्या थांबल्याच नाहीत. इथे ओतली तर वास सुटेल, म्हणाल्या, वास सुटला की बाटली खरी होती हे कळेल, आणि अंधार पडायच्या आत सानगडीपर्यंत बातमी जाईल की यादोने मंडईत पेली. मग त्याने नाही पेली हे कोण पटवत बसेल? फागोला त्यांनी तोंड बंद ठेवायला सांगितलं आणि बुधवारी ये असंही सांगितलं. तो पुढे खरंच आला.

एसटीत आम्हाला शेजारी शेजारी जागा मिळाली. रस्ता तुम्हाला माहीत आहे, किंवा नसला तर बरंच आहे. तिसऱ्या खड्ड्याला रुमाल निघाला. सिस्टरांच्या मांडीवरची थैली, साडी, शाल, सगळं भिजलं आणि गाडीभर मोहाचा वास दरवळला. कंडक्टर एकेका पुरुषाचं तोंड हुंगत मागून पुढे आला. मीही त्यातून सुटलो नाही. शेवटी त्याची नजर सिस्टरांवर स्थिरावली आणि तो बिचारा काही न बोलता ड्रायव्हरजवळ जाऊन उभा राहिला. मागच्या सीटवर लाखनीची, सिस्टरांच्याच मोहल्ल्यातली एक बाई बसली होती. मी तिला खरं सांगायला वळलो तर सिस्टरांनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की दंड दोन दिवस काळानिळा होता.

आठवड्यात बोभाटा झाला. दारू सोडवणारी बाई मंडईहून टुन्न होऊन आली. संक्रांतीला मोहल्ल्यातल्या एका घरचं हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही, मग दुसऱ्या घरचंही. आपलं वाण वाचलं, असं त्या मला हसून म्हणाल्या, पण त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. मला फार राग आला. मी म्हटलं, सिस्टर, मी उद्या लाखनीला येऊन एकेकाच्या दारात सांगतो. त्या म्हणाल्या, "अन् यादोचं काय करता मंग?" मी गप्प बसलो. ते मला अजून जमत नाही, तेव्हा मात्र जमलं.

आणि एक चमत्कारिक गोष्ट झाली. आमच्या बाकावर ती अफवा पोहोचली, आणि बाकावरची माणसं बोलायला लागली. वर्षभर मान खाली घालून गोळ्या घेऊन जाणारा एक ड्रायव्हर पहिल्यांदा तासभर बोलला, का, तर बाईले आपलं समजते. बुधवारची गर्दी वाढली. दुरून माणसं येऊ लागली, ती पेणारी सिस्टर कुठे बसते म्हणून विचारत. मी कपाळावर हात मारायचो. सिस्टर खुर्च्या वाढवून मागायच्या.

मार्चअखेरीला त्या निवृत्त झाल्या. समारंभ त्यांनी होऊ दिला नाही, सत्कार म्हटलं की त्यांच्या अंगावर काटा यायचा. शेवटच्या बुधवारी यादोराव आणि वच्छला तलावाची मासळी घेऊन आले होते. बाकावर त्या दिवशी एक नवा माणूस होता. दाढी वाढलेली, हात मांडीखाली दाबून बसलेला. बायकोने आणलेला, स्वतःच्या मनाने आलेला नव्हे. सिस्टरांनी त्याचं कार्ड हातात घेतलं तसं त्याने मान वर केली आणि सगळ्यांदेखत विचारलं, "बाई, तुमची किती दिवसांपासून बंद हाय?"

यादोरावचा चेहरा उतरला. तो उठला, आता सांगून टाकतो अशा बेताने एक पाऊल पुढे आला. मीही खिडकीतून अर्धा बाहेर आलो होतो. सिस्टरांनी न पाहताच यादोरावचा हात धरला आणि त्याला आपल्या शेजारी उभं केलं.

"हा यादोराव," त्या नव्या माणसाला म्हणाल्या. "याची जेवढे दिवस बंद आहे ना, तेवढेच दिवस माही."